क्लबच्या प्रात्यक्षिकांना गाणी लावायची तर: म्युझिक लायसन्सचा आमचा अनुभव

संस्थेच्या वार्षिक प्रात्यक्षिकांसाठी म्युझिकचं लायसन्स बघायचं काम यंदा माझ्याकडे आलं होतं. त्या निमित्ताने जे वाचलं, विचारलं, भरलं ते सगळं लिहून ठेवतेय, कारण आमच्यासारख्या छोट्या व्यायामशाळा, स्केटिंगचे ग्रुप, लेझीम पथकं गावोगाव आहेत, सगळ्यांचं गाण्याशिवाय पान हलत नाही आणि हा विषय मराठीत एका जागी नीट सांगितलेला मला तरी मिळाला नाही.

आमच्याकडे मल्लखांब आणि रिदमिक जिम्नॅस्टिक्स शिकवतात. संस्था नोंदणीकृत ट्रस्ट आहे, शिकवणारे बहुतेक माजी विद्यार्थीच, मानधन नाममात्र. दरवर्षी मैदानात मांडव घालून प्रात्यक्षिकं व्हायची, प्रवेश सगळ्यांना खुला, मुलांचे आईबाबा, आजीआजोबा, आजूबाजूचे लोक. यंदा दोन गोष्टी बदलल्या. अवकाळी पावसाच्या धास्तीने नाट्यगृह घेतलं, आणि रिदमिकच्या मुलींचं कार्पेट पार झिजलंय, मल्लखांबाखालच्या मॅट्स उसवल्यात, म्हणून देणगी प्रवेशिका काढायचं ठरलं. नाट्यगृहाच्या बुकिंगच्या फॉर्मला जे कागद जोडायचे त्यात एक ओळ होती, ध्वनिमुद्रित संगीत वाजवणार असाल तर परवान्याची प्रत. तिथले व्यवस्थापक सरळ म्हणाले, "ताई, प्रत आल्याशिवाय साउंडवाल्याला काही सुरू करू देता येणार नाही." त्यांचं बरोबरच होतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५१ मध्ये पैसे घेऊन जागा वापरायला देणाऱ्यावरही जबाबदारी येते, आपल्या जागेत हक्कभंग होतोय हे त्याला माहीत नव्हतं किंवा तसं वाटायला कारण नव्हतं असं असेल तरच तो सुटतो. आणि कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून हक्कभंग केला तर ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड असं लिहिलेलं आहे. हे मी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं तेव्हा सगळे एकदम शांत झाले.

आता मुळात लायसन्स कोणाकडून घ्यायचं इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण एका गाण्यात हक्क एक नसतो. गाण्याचे शब्द आणि चाल हा एक भाग, आणि स्टुडिओत जे रेकॉर्ड झालं ते ध्वनिमुद्रण हा वेगळा भाग, म्हणजे जमीन एकाची आणि त्यावरचं घर दुसऱ्याचं असं असू शकतं. शब्द-चालीचं काम आयपीआरएस बघते, ही गीतकार, संगीतकार आणि म्युझिक पब्लिशर यांची सोसायटी १९६९ पासून आहे आणि सरकारकडे रीतसर नोंदलेली आहे. ध्वनिमुद्रणाचं बघणारी पीपीएल, ती तर १९४१ पासूनची. शिवाय काही लेबलांचं, म्हणजे गाणी काढणाऱ्या म्युझिक कंपन्यांचं, काम नोवेक्स बघते. म्हणजे स्पीकरवर एखादं सिनेमातलं गाणं लावलं तर आयपीआरएस आणि ते लेबल ज्यांच्याकडे आहे ते, असं दोन्हीकडे बघावं लागतं. एकाचं घेतलं म्हणजे झालं, असं आम्हाला निदान तीन अनुभवी लोकांनी ठामपणे सांगितलं होतं, पण ते तसं नाहीये.

आमच्या एका विद्यार्थिनीची मावशी वकील आहे. मावशींनी पहिल्याच भेटीत विचारलं, "पैसे भरायच्या आधी सांगा, कलम ५२ वाचलंत का?" मी वाचलेलं नव्हतं, मग त्यांच्याच टेबलावर बसून वाचलं, आणि छोट्या क्लबवाल्यांनी हे कलम स्वतः वाचावंच असं मला अगदी मनापासून वाटतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कुठल्या गोष्टी हक्कभंग धरायच्या नाहीत त्याची लांबलचक यादी या कलमात आहे आणि त्यात आपल्यासारख्यांसाठी दोन पोटकलमं आहेत. एक ५२(१)(के), त्यात म्हटलंय की नफ्यासाठी स्थापन न झालेल्या आणि नफ्यासाठी न चालवलेल्या क्लबने किंवा तशा संस्थेने आपल्या उपक्रमांचा भाग म्हणून रेकॉर्डिंग लोकांना ऐकवलं तर तो हक्कभंग नाही. दुसरं ५२(१)(एल), हौशी क्लबने किंवा मंडळाने एखादी साहित्यकृती, नाट्यकृती किंवा संगीतकृती सादर केली आणि प्रेक्षक पैसे न देता आलेले असतील, किंवा कार्यक्रम एखाद्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी असेल, तर तोही हक्कभंग नाही. शाळा-कॉलेजांसाठी आणखी एक वेगळं पोटकलम आहे पण तिथे सादर करणारे विद्यार्थी आणि स्टाफच हवेत आणि प्रेक्षकही विद्यार्थी, पालक, स्टाफ आणि संस्थेशी संबंधित माणसं एवढेच हवेत.

म्हणजे रोज संध्याकाळी सरावाला लागणारं म्युझिक, आणि मैदानातली आमची विनामूल्य प्रात्यक्षिकं, याला कायद्याचा चांगला आधार आहे. हे कळल्यावर मला खरंच खूप बरं वाटलं, कारण अशा संस्था टिकाव्यात म्हणून कायदा करणाऱ्यांनी विचार केलेला दिसतो आणि आपल्याकडे तो कोणी सांगतच नाही, एकतर घाबरून पैसे भरतात नाहीतर "कोण विचारतंय" म्हणून सोडून देतात.

पण यंदा प्रवेशिका होती. आमचे खजिनदार काका म्हणाले, अहो तिकीट कुठे आहे, देणगी आहे ती, पावती पण देणगीची देणार. मावशींनी त्यांना एकच विचारलं, "काका, ज्याच्याकडे प्रवेशिका नाही त्याला दारातून आत सोडणार का?" काका म्हणाले नाही, सीट नंबर आहेत ना. मग झालं, मावशी म्हणाल्या, पैसे दिल्याशिवाय आत येता येत नसेल तर प्रेक्षक पैसे देऊन आलेलाच आहे, नाव काही का ठेवा. त्यात स्टेजच्या मागे दोन प्रायोजकांचे बॅनर. क्लब नफ्यासाठी नाही हे खरं आणि जमलेले पैसे मॅट्सलाच जाणार हेही खरं, तरी भाड्याचं नाट्यगृह, बाहेरच्या लोकांना विक्री, जाहिराती, हे सगळं एकत्र आलं की "आमचा अंतर्गत उपक्रम" हा मुद्दा कोर्टात मांडता येईल पण त्याच्या भरवशावर शंभर मुलांचा कार्यक्रम ठेवू नका, असं त्यांचं स्पष्ट मत पडलं. मलाही ते पटलं. शेवटी ज्याच्या चालीवर आपली मुलं नाचणार आणि त्या कार्यक्रमाचे आपण पैसे घेणार, त्या माणसाला त्यातलं थोडं जावं यात वावगं काय आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर सिनेमातल्या गाण्यांच्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कायद्याने पक्का झालाय, तो वाटा जमा होतो तो अशाच छोट्या मोठ्या लायसन्समधून.

मीटिंगमध्ये एक बाबा म्हणाले की लग्नात तर काही लागत नाही मग आपल्यालाच का. लग्नाचं पोटकलम वेगळं आहे, धार्मिक विधी, सरकारी समारंभ, लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ असं त्यात येतं, आणि त्यावरूनही वाद चालूच आहेत, गोवा सरकारने काढलेलं त्याबद्दलचं परिपत्रक ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने रद्द केलं. आपली प्रात्यक्षिकं त्यात कुठूनही बसत नाहीत.

मग गाण्यांची यादी. हे काम सगळ्यात वेळखाऊ आणि सगळ्यात उपयोगाचं, ते नीट केलं तर पुढचं सोपं जातं. कोचना सांगितलं की प्रत्येक सेटचं गाणं, मूळ कुठलं, किती मिनिटं, हे लिहून द्या. आलेल्या यादीत "रोप मल्लखांब, फास्ट वालं" असंही होतं. पेन ड्राइव्हवर "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरं" अशा नावांच्या फाइल्स, त्या एकेक ऐकून मूळ गाणी शोधली. लेबल शोधायचं कसं तर कुठल्याही स्ट्रीमिंग ॲपमध्ये त्या अल्बमच्या पानावर सगळ्यात खाली जायचं, तिथे बारीक अक्षरात गोलातला पी आणि गोलातला सी असतो, पुढे वर्ष आणि कंपनीचं नाव. गोलातला पी म्हणजे ध्वनिमुद्रणाचा हक्क, आपल्याला तो बघायचा. यूट्यूबवर मात्र एकच गाणं दहा जणांनी चढवलेलं असतं त्यामुळे अधिकृत चॅनलच्या वर्णनातलंच नाव धरायचं. मग ते लेबल कोणाच्या यादीत आहे ते त्या संस्थांच्या साइटवर तपासायचं, आणि दरवर्षी नव्याने तपासायचं, कारण लेबलं इकडची तिकडे होत असतात.

या तपासणीत एक गोष्ट कळली ती मला फार आवडली. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशित झालेल्या वर्षानंतर ६० वर्षं असतो, म्हणजे १९६४ पर्यंत प्रकाशित झालेल्या रेकॉर्डिंगचा तो संपलेला आहे. पण शब्द आणि चाल यांचा हक्क त्या त्या माणसाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. आमच्या सरांना मुलांच्या मानवी मनोऱ्यांसाठी तुकोबांचा एक अभंग हवा होता, आणि सगळ्यांना वाटलं याला कोण कशाला विचारेल. शब्दांना कोणी नाहीच विचारणार, पण जी चाल आपल्या कानात बसलीये ती अलीकडच्या संगीतकाराची, आणि रेकॉर्डिंग त्याहून अलीकडचं, ते दोन्ही हक्क जिवंत. उलट जुन्या संगीत नाटकातली पदं बघा, नाटककार गोविंद बल्लाळ देवल १९१६ मध्ये गेले, राम गणेश गडकरी १९१९ मध्ये, चाली देणारे गायक भास्करबुवा बखले १९२२ मध्ये, त्यांचे शब्द, त्यांच्या चाली आज सगळ्यांच्या आहेत. फक्त आत्ताच्या एखाद्या गायकाचं रेकॉर्डिंग लावायचं नाही, आपण स्वतः गायचं वाजवायचं.

अर्ज भरणं त्या मानाने सरळ निघालं. सगळं ऑनलाइन आहे. कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ, जागा, आसनसंख्या, प्रवेश विनामूल्य की तिकीट, तिकिटाचे दर, प्रायोजक आहेत का, संगीत रेकॉर्डेड की लाइव्ह, पार्श्वभूमीला की मुख्य सादरीकरणाला, हे विचारतात. यातलं शेवटचं महत्त्वाचं, कारण प्रेक्षक येताना हळू आवाजात सुरू असलेलं म्युझिक आणि ज्यावर मुलं सेट करतात ते म्युझिक यांचा हिशोब वेगळा असू शकतो. दर टॅरिफमध्ये, म्हणजे त्यांच्या दरपत्रकात, दिलेले असतात, जीएसटी वेगळा. मी अर्जासोबत एक पत्र जोडलं होतं, ट्रस्टचं नोंदणी प्रमाणपत्र, आम्ही मुलांचा क्रीडा क्लब आहोत, जमा होणारी रक्कम साहित्यासाठी आहे, आणि कुठला दर लागू होतो ते लेखी कळवावं अशी विनंती. सांगायचा मुद्दा हा की फोनवर काहीही ठरवू नका, ईमेल करा, उत्तर ईमेलवरच घ्या. आमच्या शंकांना उत्तरं मिळाली, इनव्हॉइस आलं, संस्थेच्या खात्यातून पैसे भरले आणि पीडीएफ मिळाली. खात्यातूनच भरा, कोणाच्या वैयक्तिक फोनवरून नको, ऑडिटला त्रास होतो.

मध्येच एका दुसऱ्या संस्थेच्या सेक्रेटरींनी सांगितलं की पीपीएलला लायसन्स द्यायचा अधिकारच नाही असा निकाल लागलाय. तेही शोधून मावशींकडून समजून घेतलं. वाद असा की कलम ३३ प्रमाणे लायसन्स देण्याचा व्यवसाय नोंदणीकृत सोसायटीनेच करायचा, मग पीपीएल, नोवेक्स अशा नोंदणी नसलेल्यांनी करायचा का. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने म्हटलं की हक्क त्यांच्या नावावर करून दिलेले असतील तर मालक म्हणून ते लायसन्स देऊ शकतात. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने वेगळी भूमिका घेतली, आणि ते प्रकरण लगेच सुप्रीम कोर्टात गेलं. महाराष्ट्रात कार्यक्रम करणाऱ्या छोट्या क्लबने या वादात कुणाची बाजू घेत बसू नये, त्या दिवशीची स्थिती वकिलाला विचारावी आणि कागद पूर्ण करावा, एवढंच मावशींचं म्हणणं होतं.

लायसन्स हातात आलं तरी त्यात काय काय येत नाही ते बघायला हवं. ते लायसन्स त्या सभागृहात त्या दिवशी गाणं वाजवण्याचं असतं. तो कार्यक्रम यूट्यूबवर लाइव्ह दाखवायचा तर तो पूर्ण वेगळा हक्क. आमच्या मुलींचे दोन आजीआजोबा परदेशात असतात, त्यांच्यासाठी लाइव्ह करा असा खूप आग्रह होता, आणि मला तो नाही म्हणताना वाईट वाटलं पण नाही म्हटलं. व्हिडिओ चढवला की यूट्यूबची यंत्रणा गाणं आपोआप ओळखते, मग कधी त्यातलं उत्पन्न हक्कदाराकडे जातं, कधी व्हिडिओ काही देशांत दिसत नाही, कधी आवाजच बंद. इन्स्टावर संस्थेचं अकाउंट बिझनेस प्रकारचं असेल तर गाण्यांची लायब्ररी फारच छोटी मिळते. आणि हा प्रश्न काही आपल्यासारख्या छोट्यांचाच नाही, २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या एका अमेरिकन स्केटिंग जोडीवर आणि प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीवर म्युझिक परवानगीशिवाय वापरलं म्हणून दावा लागला होता.

गाणं कापून जोडण्याचं पण तसंच. रिदमिकच्या वैयक्तिक सेटला म्युझिक १ मिनिट १५ सेकंद ते १ मिनिट ३० सेकंद एवढंच लागतं, म्हणजे कापावंच लागतं, आणि डिस्प्लेसाठी तर पाच गाण्यांचं मिश्रण करून मध्ये डायलॉग घालायची हौस असते. मी कोचना विनंती केली की साधं लहान करा, फेड आउट करा, पण एकावर एक चढवून नवं गाणं तयार करू नका, त्याला मूळ हक्कदाराची वेगळी परवानगी लागू शकते. दोन सेट त्यामुळे बदलावे लागले. एका कोचताईंना ते अजिबात आवडलं नव्हतं, मुलींनी पूर्ण सेट बसवला होता त्यावर, त्यांची तगमग मला कळत होती.

त्यातूनच या सगळ्यातली सगळ्यात छान गोष्ट झाली. आमचा एक माजी मल्लखांबपटू आता म्युझिक प्रोडक्शन करतो, तो म्हणाला मी करून देतो. त्याने मल्लखांबाच्या तालमीला येऊन बसून बघितलं, मुलगा खांबावर चढायला किती वेळ घेतो, दसरंग या मल्लखांबातल्या प्रकारात फिरकी घेताना हात कुठे सुटतो, पाय कधी लॉक होतो, उतरताना उडी कुठे आहे, हे फोनवर शूट करून नेलं आणि हलगी, ढोलकी आणि थोडे सिंथचे सूर घेऊन चार मिनिटांचा ट्रॅक बनवला. उडीच्या जागी त्याने हलगी पूर्ण थांबवली, एक श्वासभर काहीच नाही, आणि पाय मॅटला टेकले की सगळं परत सुरू. तयार गाण्यावर आपण मुलांना बसवतो, इथे गाणं मुलांवर बसलं होतं. रिदमिकच्या रिबनसाठी एका आईने पेटी आणि त्यांच्या भावाने तबला असं एक जुनं नाट्यपद लाइव्ह वाजवलं. लेझीमला तर हलगी आणि ताशा प्रत्यक्षच होता. पारंपरिक ताल आपण स्वतः वाजवले तर त्याला लायसन्स लागत नाही. सिनेमातल्या गाण्याची चाल लाइव्ह वाजवली तर मात्र आयपीआरएसचं बघावं लागतं, रेकॉर्डिंग नाही म्हणून सगळंच माफ असं समजू नये.

आपलाच मुलगा आहे म्हणून ट्रॅकचं कागदपत्र मावशींनी सोडू दिलं नाही. कायद्याने परवानगी लेखीच हवी, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षांचीच धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरती. आमचा एखादा मुलगा उद्या बाहेरच्या देशात प्रात्यक्षिकाला गेला तर काय, म्हणून पत्रात स्पष्ट लिहिलं: संस्थेच्या सराव, स्पर्धा, प्रात्यक्षिकं आणि त्यांचे व्हिडिओ यासाठी, जगभर, कायमस्वरूपी, आणि मालकी त्याचीच राहील, त्याला तो ट्रॅक दुसऱ्या कोणाला द्यायचा असेल तर तो मोकळा. कार्यक्रमपत्रिकेत त्याचं नाव छापलं आणि मानधन म्हणून पाकीट दिलं, तो नको म्हणत होता तरी दिलं.

कार्यक्रमाच्या दिवशी लायसन्सच्या प्रती व्यवस्थापकांकडे एक, साउंडवाल्या दादांकडे एक आणि माझ्या पिशवीत एक अशा ठेवल्या. साउंडच्या लॅपटॉपवर फक्त यादीतलीच गाणी, इंटरनेट बंद, म्हणजे मध्यंतरात कोणी येऊन "जरा ते अमुक लावा ना" म्हटलं तरी लागणार नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष वाजलेल्या गाण्यांची यादी, गीतकार आणि संगीतकारांच्या नावांसकट, आयपीआरएसला ईमेल केली, ज्यांचं वाजलं त्यांच्याच नावावर ते नोंदलं जावं म्हणून.

प्रवेशिकांच्या पैशातून मॅट्स आल्या, कार्पेटसाठी अजून जमवायचे आहेत. पुढच्या वर्षी परत मैदानात विनामूल्य करायचा विचार चाललाय, तेव्हा लायसन्सपेक्षा पोलिसांकडची लाउडस्पीकरची परवानगी आणि रात्री दहाची वेळ हा विषय मोठा असेल. या वर्षीची सगळी फाइल, अर्जाचा नमुना, ट्रॅकच्या परवानगीचं पत्र आणि गाण्यांचा तक्ता मी कार्यालयात ठेवलाय. आजूबाजूच्या दोन व्यायामशाळांनी तक्ता मागून नेला, त्यांनी त्यात एक रकाना वाढवला, संगीतकार हयात आहे का आणि नसल्यास मृत्यूचं वर्ष, तो आता आम्हीही घेतलाय.